डाव्या हाताची गाठ

नाथाजींची जीभ पलूसच्या पंचक्रोशीत नावाजलेली. द्राक्षाचा मणी दाताखाली फोडला की तो कुणाच्या बागेतला, हे ते सांगत आणि चुकत नसत. म्हणूनच जावई जयराजनं त्यांना साताऱ्यात, घराजवळ नव्यानं उघडलेल्या वाईन बारमध्ये जेवायला आणलं होतं. दुपारचा एक वाजला होता. काचेतून अजिंक्यतारा दिसत होता आणि रश्श्याच्या वासानं भूक खवळली होती.

बसतात तोच फोन वाजला. धाकट्या भावाची बायको, बनुबाई.

“आवं दादा, आज सर्वपित्री. यंदा तरी ह्यांच्या नावानं पान वाढू का?”

“जित्या माणसाला पान वाढत्यात व्हय? अर्जुना येनार हाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही, त्यांना जेवू घालायचा हा दिवस. अकरा वर्षं बनुबाई विचारत होती आणि नाथाजी नको म्हणत होते. विहिरीजवळची द्राक्षबाग त्यांनी अर्जुनाला न विचारता तोडली, तिथं ऊस लावायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी तो घरातून गेला. ना माणूस सापडला, ना मढं. तो मेला म्हणायचं तर आपण मारला म्हणायचं, आणि ते नाथाजींना झेपणारं नव्हतं.

वाईन आली. पहिल्या घोटाला त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या घोटाला ते थबकले.

“काय झालं मामा?”

“हिला आमच्या हिरीच्या मचूळ पान्याची चव हाय.”

“हिरीजवळची बाग जाऊन अकरा वर्सं झाली की! बाटली गेल्या सालची हाय.”

“साल तुमी बघा. चव मला कळती.”

त्यांनी बाटली हातात घेतली. गळ्याला सुतळी गुंडाळलेली होती. ओली, काळ्या मातीनं माखलेली. गाठ उलटी पडलेली.

अर्जुना डावखुरा. वेल तारेला बांधताना त्याचीच गाठ अशी उलटी पडायची. ती सुटत म्हणून नसे, विळ्यानंच कापावी लागे.

नाथाजींचे डोळे भरून आले. “हाय! माझा भाऊ जित्ता हाय! हितंच कुटंतरी कामाला असनार.”

त्यांनी मालकिणीला हाक मारली. संयोगिताबाई आल्या, बाटलीकडे बघत राहिल्या.

“ही सुतळी आमची नाही हो. मघाशी मीच बाटली ठेवली, तेव्हा गळा मोकळा होता.”

“भटारखान्यात डावखुरा कोन हाय?”

“कुणीच नाही.”

“मी सोता बघतो,” म्हणत नाथाजी उठायला गेले आणि परत खुर्चीत आदळले.

जयराजनं वाकून टेबलाखाली बघितलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“मामा, हलू नगा.”

सासऱ्याचे दोन्ही घोटे टेबलाच्या पायाला बांधलेले होते. ओल्या सुतळीनं. उलट्या गाठीनं.

टेबलाखालून ओल्या मातीचा वास येत होता.

नाथाजींनी खाली हात घालून गाठ चाचपली; ती जिवंत माणसाच्या हातची नव्हती. मग त्यांनी फोन लावला.

“बनू, पान वाढ.”

पलीकडे बनुबाई रडू लागली.

टेबलाखाली सुतळी सैल झाली. विळा कुणीच लावला नव्हता.