कोरा पुठ्ठा

तो आमच्या गॅरेजसमोर थांबला तो फक्त पत्ता विचारायला. चष्म्याच्या काचा घासून देणारा कारखाना कुठे आहे म्हणून. मी हातातल्या पान्यानेच डावीकडचा रस्ता दाखवला. तो "आभारी आहे" म्हणाला – हो, अगदी पुस्तकातल्यासारखं – आणि निघून गेला. गाडी उभी होती तिथे तांबड्या तेलाचे तीन थेंब राहिले.

मी पान्यासकट गाडीमागे धावले.

"अहो… थांबा!"

पाना उगारून धावत येणारी बाई आरशात दिसल्यावर कुणीही वेग वाढवला असता. हा थांबला आणि काच खाली केली.

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, गाडीचं. गिअरबॉक्सचं तेल गळतंय."

"इंजिनाचं नसेल कशावरून?"

"ते काळपट असतं. हे लाल आहे."

"मी डोळे तपासतो. लाल स्पष्ट दिसतं की हिरवं, हे दिवसभर मीच लोकांना विचारत असतो. आज पहिल्यांदा कुणीतरी मला लाल दाखवलं."

आणि हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. मी उगाचच पाना पुसत बसले.

गाडी ऑटोमॅटिक होती, आणि खरी अडचण तिथेच होती. बाबा ऑटोमॅटिकला हात लावत नाहीत. "त्या पेटीत काय चालतं ते तिचं तिलाच ठाऊक," असं म्हणून ते अशा गाड्या थेट मोठ्या गॅरेजकडे पिटाळतात. मी त्याच कामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि वर्षभर त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. त्या दिवशी ते कसेबसे राजी झाले.

"ही एक घे. पण दोनदा दुरुस्त करूनही गळाली, तर पुन्हा या घरात ऑटोमॅटिकचं नाव काढायचं नाही."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी कंबर कसली.

तेल जिथे ठिबकतं तिथेच गळत असतं असं नाही. वाऱ्याने ते मागे ओढलं जातं आणि भलत्याच ठिकाणी थेंब धरतं. म्हणून आधी गाडीचं पोट धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर उडवायची आणि एक फेरी मारून आणायची. पावडर जिथे सगळ्यांत वर भिजली असेल, तिथे चोर. माझा चोर गिअरबॉक्सकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या सैल क्लिपपाशी सापडला. क्लिप बदलली. मग एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीची पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखवून तो त्याच्या हातात दिला.

"हा गाडीखाली घाला आणि उद्या दाखवायला आणा."

"गृहपाठ?"

"तपासून मिळेल."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर दोन थेंब होते. मी पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल काढला, तारीख घातली आणि ओठ चावला.

"नापास?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही नाही. मी."

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. ओल्या गाडीवर पावडर उडवून उपयोग नाही, म्हणून पोट वाळेपर्यंत तासभर आम्ही बाकावर बसलो. पत्र्यावर पाऊस टिपटिपत होता. गाडी त्याच्या वडिलांची होती. ते गेल्यापासून तिची सगळी काळजी आई घेते, असं तो सांगत होता. बोलताना त्याने खिशातलं मऊ फडकं काढलं, माझ्या कामाच्या चष्म्यावरचा तेलाचा ठिपका पुसला आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला. इतकंच… पण गाडी वाळली का ते बघायला मी उगाचच दोनदा उठले.

या वेळी खालच्या तेलाच्या ताटलीचं रबरी गॅस्केट कडक झालेलं निघालं. नवं बसवलं, तेल भरलं, गाडी गरम करून इंजिन चालू ठेवूनच तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेवर होतं, ना कमी ना जास्त.

आठ दिवसांनी तो आला. पुठ्ठ्यावर पाच थेंब! आणि स्वारीचा चेहरा मात्र खुललेला. मी गाडी गरम करून पट्टी ओढली. तेल खुणेच्या बोटभर वर होतं. गळणाऱ्या गाडीत तेल वाढतं कसं? कुणीतरी ओतल्याशिवाय?

माझं डोकंच फिरलं. "गळली की इथे यायला मिळतं, म्हणून ओतता ना? तुमचा खेळ होतो, आणि इथे माझी अब्रू पणाला लागलीय!"

त्याचा चेहरा उतरला. "तेल कुठून ओततात, हेसुद्धा मला माहीत नाही," एवढंच म्हणून तो गाडी घेऊन निघून गेला.

दारातून बाबांनी सगळं ऐकलं होतं. "उद्या त्याला मोठ्या गॅरेजचा पत्ता देऊन टाक," ते म्हणाले. मला जेवण गेलं नाही. ऑटोमॅटिक हातातून चालल्याचं दुःख जास्त की त्याचा उतरलेला चेहरा जास्त, ते काही कळेना.

सकाळी तो आईला घेऊन आला. आईच्या हातात लाल तेलाची बाटली.

"मुली, चोर मी आहे," त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी सकाळी गाडी सुरू करते, पट्टी बघते, कमी दिसलं की ओतते. ह्यांनीच शिकवलं होतं."

"गाडी थंड असतानाच बघता?"

"ते म्हणायचे, आधी एक फेरी मारून येऊ, मग बघ." त्यांनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "मला वाटायचं, फेरीला माझी सोबत हवी म्हणून म्हणतात…"

मी त्यांच्या हातातली बाटली घेऊन बाकावर ठेवली. मग मी सांगितलं, की थंड तेल पट्टीवर कमीच दिसतं. त्यावर आणखी ओतलं की गरम झाल्यावर ते फुगतं आणि वरच्या हवेच्या नळीतून उतू जातं. "पण काकू, सोबतही हवीच असणार त्यांना." डोळे टिपून त्या हसल्या. मी पेलाभर तेल काढून टाकलं.

"माफ करा," मी त्याला म्हटलं. "उगाच बोलले मी."

"अगदीच उगाच नाही. तेल मी ओतलं नाही. पण पुठ्ठ्यावर डाग दिसला की… मला बरं वाटायचं."

माझे कान तापले. बाबा खोकले. "आठ दिवस पुठ्ठा घाला," ते त्याला म्हणाले. "मग ठरवू."

आठ दिवस मी कामात शंभर चुका केल्या. नवव्या दिवशी तो चालत आला, काखेत पुठ्ठा. बाबांनी तो दोन्ही बाजूंनी, उन्हात धरून पाहिला. एक ठिपका नाही.

"घेत जा ऑटोमॅटिक," ते माझ्याकडे न बघता म्हणाले आणि आत गेले. मी तिथेच एक उडी मारली.

तो मात्र उभाच. "आता काही कारण उरलं नाही," तो म्हणाला. "तरी आलो. मला तुम्ही आवडता. गळती असो वा नसो."

मी कानावरची पेन्सिल काढली. कोऱ्या पुठ्ठ्यावर मधोमध लिहिलं आणि चार पावलं मागे जाऊन तो त्याच्यासमोर धरला.

"दिसतंय का? वाचा."

"रविवार… संध्याकाळी पाच." त्याने पुठ्ठ्यावरून नजर माझ्याकडे वळवली. "कशासाठी?"

"तेल बघायचंय. फेरी मारून आल्यावरच बघायचं असतं."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तर पुढच्या रविवारी पुन्हा बघू," मी म्हटलं.