पाच चिंचिलांचं एकच वजन

पिंजरे पाच. चिंचिला पाच. पाण्याच्या बाटल्या पाच, अंघोळीसाठी बारीक माती भरलेल्या वाट्या पाच. खिडकी एक, बंद. हवा बाहेर फेकणारा पंखा एक, तोही बंद. आणि नऊ ते सव्वानऊ या पंधरा मिनिटांत शिंका एकोणीस!

"त्यातल्या सतरा एकट्या पिंजूच्या!" टिपणीने वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तेरा वर्षांची ही मुलगी दिसेल ते टिपून ठेवायची, म्हणून ती टिपणी. तिचा अकरा वर्षांचा भाऊ एका जागी मिनिटभर टिकायचा नाही, म्हणून तो भोवरा. सुट्टीत दोघं मामाकडे आली होती. मामाचं प्राण्यांचं पाहुणघर होतं. गावाला जाणारे लोक आपले कुत्रे, मांजरं, ससे त्याच्याकडे ठेवून जात. कोपऱ्यातली ही खोली चिंचिलांची. चिंचिला म्हणजे उंदराच्या कुळातला, ओंजळीत मावेल एवढा प्राणी. कान मोठे, आणि केस पिंजलेल्या कापसासारखे दाट! त्यांतल्या चौघी पाहुण्या होत्या. पाचवी पिंजू, मामाच्या नऊ वर्षांच्या मुलीची, छोटीची.

"काल तिने बेदाणा तोंडातून टाकून दिला," छोटी म्हणाली. "पिंजू आणि बेदाणा टाकणार? शक्यच नाही!"

तेवढ्यात किल्ल्या खुळखुळवत मामा आला. "काय रे, इथे काय परिषद भरली आहे?"

"बाबा, पिंजू आजारी आहे."

"आजारी कसली? अंघोळीला मातीत लोळतात, नाकात धूळ जाते, शिंकतात. झालं! जा, बाहेर खेळा."

मामा गेला. छोटीचा चेहरा पडला.

"धूळ आहे की नाही ते बघता येईल," टिपणी म्हणाली. "भोवऱ्या, पाचही वाट्या बाहेर काढ!"

अकरा वाजता तिघं पुन्हा पिंजऱ्यांसमोर बसली. पंधरा मिनिटांत चार पाहुण्यांची एकही शिंक नाही. पिंजूच्या सोळा! ती पाठीला कुबड काढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झाले होते.

"नाक पुसतेय ती पायांनी," भोवरा हळूच म्हणाला. "मी बाहीने पुसतो तसं."

"तुझ्या बाहीचं नंतर बघू. चला मामाकडे!"

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि वजनांचं रजिस्टर टेबलावर आपटलं. "हे बघा. दर शनिवारी वजन करतो मी. आजारी जनावर झपाट्याने घटतं. पिंजू तीन आठवडे पाचशे वीस ग्रॅमवर आहे. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही!"

टिपणीने पान जवळ ओढलं. पिंजू, ५२०. तिच्याखाली ५२०. त्याखालीही ५२०. पाचही जणींपुढे एकच आकडा!

"मामा, पाच जणींचं वजन ग्रॅमला ग्रॅम सारखं कसं?"

"अगं, एकेकीला पकडायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. मी पाचही एका पेटीत घालतो, पेटी काट्यावर ठेवतो, पेटीचं वजन वजा करतो आणि पाचाने भागतो. आहे की नाही डोकं?"

टिपणीने भोवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भोवऱ्याचे डोळे चमकले.

"मामा, आमचंही वजन कर ना!"

खाद्याची पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर तिघं दाटीवाटीने उभी राहिली. काटा एकशे आठ किलोवर थांबला.

"भागिले तीन," टिपणी म्हणाली. "प्रत्येकी छत्तीस. अभिनंदन छोटी, तू छत्तीस किलोची झालीस!"

मामा खो खो हसला. "ही? छत्तीस? अगं, वाऱ्याने उडेल ती! सव्वीसच्या वर असली तर मी..." आणि बोलता बोलता तो थांबला. रजिस्टरकडे बघितलं, मग छोटीकडे. "छोटा काटा आण," एवढंच तो म्हणाला.

आता एकेकीला वेगळं मोजलं. पाहुण्या होत्या पाचशे साठ, पाचशे अठ्ठेचाळीस, पाचशे पंचावन्न आणि पाचशे सात. पिंजू चारशे तीस! छोटी धावत जाऊन पिंजूचं जुनं तपासणीचं कार्ड घेऊन आली. दोन महिन्यांपूर्वी पाचशे दोन.

"बहात्तर ग्रॅम कमी," टिपणी म्हणाली. "पाहुण्या बेदाणे खाऊन वाढल्या आणि पिंजू घटली. बेरीज तेवढीच राहिली."

मामाने घाईघाईने कपाट उघडलं. "कुत्र्यांच्या खोकल्याच्या गोळ्या उरल्यात. पाव गोळी देऊ या लगेच!"

"मामा, थांब! कुत्र्याची गोळी हिला चालते हे कोणी सांगितलं?"

"गोळी ती गोळी! वेळ घालवू नका."

पण पाकीट जाग्यावर होतंच कुठे? ते भोवऱ्याच्या मुठीत होतं आणि भोवरा टेबलाच्या पलीकडे! "आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचार, मग देतो!"

"कार्ट्या, इकडे दे ते!"

तोवर छोटीने फोन लावलाही होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज खोलीभर घुमला. "पिंजूला हात लावू नका. कुशीकडे बघा. एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. मग शेजारणीचे मोजा."

सगळे श्वास रोखून बघत राहिले. मामाने घड्याळ धरलं.

"शेजारणीचे अठ्ठावन्न," टिपणी म्हणाली. "पिंजूचे एकशे बारा. तोंड मिटलेलं आहे, पण पोट आत-बाहेर होतंय."

"गोळीबिळी काही दिली का?"

मामाने चोरट्या नजरेने भोवऱ्याकडे पाहिलं. "न... नाही."

"नशीब! यांना चुकीची गोळी पोटातून दिली तर आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि मग जनावरही. आत्ताच्या आत्ता निघा. गोधडीत गुंडाळू नका, यांना उकाडा सोसत नाही."

दवाखान्यात पिंजूला पारदर्शक पेटीत ठेवून आत प्राणवायू सोडला. ती जरा सावरल्यावर एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसावर पांढुरका ढग होता. न्यूमोनिया! डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "खोली दमट आहे का?"

"छे, कोरडी ठणठणीत," मामा म्हणाला.

भोवऱ्याने दवाखान्यातलं दमटपणा मोजायचं यंत्र मागून घेतलं. संध्याकाळी पिंजऱ्यांच्या खोलीत आकडा आला एकाहत्तर टक्के! डॉक्टरीणबाईंनी पन्नासच्या आत ठेवायला सांगितलं होतं. टिपणीने पिंजूच्या पिंजऱ्यातलं कापड दाबून पाहिलं. हात ओला झाला.

"मामा!"

"कापडं धुतल्यावर थोडी ओलसर असतात," मामा पुटपुटला. "म्हटलं, आतच वाळतील. पंख्याचा आवाज होतो, फोनवर बोलता येत नाही, म्हणून..."

पंखा लागला. पाचही पिंजऱ्यांतली कापडं बदलली. वजनाची सामायिक पेटी माळ्यावर गेली, कारण एका पेटीत एकीचा आजार पाचही जणी हुंगतात. पाहुण्यांना डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पिंजूला वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पिंजू घरी आली. मामा रोज तिला इंजेक्शनासाठी दवाखान्यात नेई. घरी छोटी सुई नसलेल्या पिचकारीने गवताच्या भुकटीची पातळ पेज भरवायची. ओठाच्या कडेने, थेंब थेंब, घाई न करता. घाई केली तर पेज श्वासनळीत जाते. चौथ्या दिवशी काट्यावर चारशे चोवीस ग्रॅम भरले.

"अजून सहा ग्रॅम गेले," छोटी काट्याकडे बघत म्हणाली.

"मग दिवसातून चारदा भरवतोय ते सहादा भरवू," टिपणी म्हणाली. "वेळा वाटून घ्या!"

"पहाटेची माझी," भोवरा म्हणाला. त्याला पहाटे उठवणं हे आजवर कोणालाच जमलं नव्हतं. तो रोज उठला.

सातव्या दिवशी चारशे तीस. नवव्या दिवशी पिंजूने आपण होऊन गवताची काडी ओढली, तेव्हा छोटीने मारलेल्या किंकाळीने मागच्या अंगणातले सगळे कुत्रे भुंकायला लागले!

एकविसाव्या दिवशी सगळे पुन्हा दवाखान्यात जमले. "लोक येऊन म्हणतात, तिला बरं नाहीसं वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आकडे घेऊन आलात. एक दिवस उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. शाबास!"

मामाने तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि कोरं रजिस्टर टिपणीच्या हातात ठेवलं. प्रत्येक पान एकाच जनावराचं होतं. "उद्यापासून कसं लिहायचं ते तुम्हीच मला शिकवा."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. दोन्ही फुप्फुसं काळीशार, स्वच्छ. मग त्यांनी पिंजूला काट्यावर ठेवलं, नंतर पिंजऱ्यात सोडलं, ती शांत होईपर्यंत थांबल्या आणि घड्याळ लावलं. टिपणीने पहिल्या पानावर लिहिलं :

पिंजू. वजन चारशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. श्वास मिनिटाला चौपन्न.