बहाद्दराची कंबर

“ताई... पाकिटं कुठं हायेत?”

गोपालनं एवढंच विचारलं, आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला. समोर महालक्ष्म्या बसल्या होत्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, हिरव्यागार शालूतल्या, नाकात नथ, गळ्यात बोरमाळ, आणि त्यांच्यापुढे त्यांची दोन बाळं, एक मुलगा, एक मुलगी. आणि त्या बाळांसमोर, तांदळाच्या रांगोळीच्या कडेकडेनं, रणबहाद्दरांची अख्खी फौज उभी होती... कोणी बर्फातला, कोणी पाणबुड्या, कोणी पाठीवर पॅराशूट बांधलेला, सगळ्यांचे हात कपाळाशी, जशी काही बाळांना सलामी देऊन राहिले!

मनकर्णा हळदीचे हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. सकाळपासून ती याच घडीची वाट पाहत होती. भाऊ अकोल्याहून येईल, पाहील, आणि सहा वर्षांचा असताना हसायचा तसा तोंडभर हसेल, एवढं एकच चित्र तिनं दिवसभर मनात जपून ठेवलं होतं.

“पाकिटं काय करतं गा? फाटली थे. सकाळी घंटागाडीत टाकली,” ती म्हणाली.

गोपालचा चेहरा खर्रकन पडला. काहीतरी चुकलंय, एवढं तिला कळलं. काय चुकलंय ते कळेना.

रणबहाद्दर म्हणजे बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक. हात, पाय, मान, कंबर सगळं वळायचं. तीसेक वर्षांपूर्वी अमरावतीच्या राजकमल चौकात खेळण्यांच्या दुकानाबाहेर ते पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक पाकिटात लटकलेले असायचे आणि शाळेतून येणारी पोरं तिथं हटकून थांबायची. मग टीव्हीवर कार्टून आले, परदेशी खेळणी आली, मोबाईल आला. कंपनीनं आधी गुडघे वळणं बंद केलं, मग कोपर. शेवटी शेवटी तर ते चिप्सच्या पुड्यात फुकट यायला लागले, आणि एक दिवस कारखान्यालाच कुलूप लागलं. पोरं मोठी झाली, विसरली. पण काही नाही विसरली. चाळिशीला टेकलेली, पोट सुटलेली ही माणसं आता एकमेकांना शोधून काढतात, जुन्या दुकानांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली पाकिटं मिळवतात, आणि फोडत नाहीत. न फोडलेलं पाकीट म्हणजे त्यांच्यासाठी जीव की प्राण!

गोपाल त्यातलाच. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर, घरी बायको आरती, शाळेत जाणारी आचल, आणि मोठी बहीण मनकर्णा. दिवाळीत अकोल्याला या लोकांचं प्रदर्शन भरणार होतं. गोपाल आणि त्याचा दोस्त नासिर यांनी त्यासाठी वर्षभर जीव ओतला होता, आणि प्रदर्शनातली मानाची जागा होती गोपालच्या कपाटातल्या, कंपनीनं काढलेल्या पहिल्या मालिकेला, एकही पाकीट न फुटलेल्या. हॉल पक्का करायलाच तर तो अकोल्याला गेला होता...

आणि इकडे मनकर्णानं ते कपाट उघडलं होतं.

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. आईच्या वेळेपासूनची रीत होती, घरात जेवढी खेळणी तेवढी सगळी लक्ष्म्यांच्या बाळांपुढे मांडायची. बाळं तीन दिवसांची पाहुणी, त्यांना खेळायला नको? दरवर्षी ती लाकडी बैल, ठकी, जातं मांडायची. यंदा तिला वाटलं, भावाची फौज मांडू. पण लेकरापुढे पाकीटबंद खेळणं कसं ठेवणार? त्यानं खेळायचं कसं? म्हणून तिनं कात्री घेतली होती.

“हौसेनं केलं रे,” ती हळूच म्हणाली. “तुले आवडन वाटलं.”

गोपाल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “तुले काय समजनार, ताई... तुयं सोताचं कधी काही होतं काय?”

आणि तो आतल्या खोलीत निघून गेला.

मनकर्णा तिथंच उभी राहिली. त्या एका वाक्यानं तिच्या आयुष्याची सगळी वर्षं जणू कोणीतरी उघडी करून अंगणात टाकली होती. खरंच, काय होतं तिचं? आई गेली तेव्हा ती अठराची, गोपाल सहाचा. बाप, भगवंतराव, ट्रकवर ड्रायव्हर, घरी आले तर आले. तिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, त्याचं लग्न लावलं, आचल झाली तेव्हा आरतीच्या बाळंतपणात रात्री जागून काढल्या. घर भावाचं, चूल वहिनीची, लेक त्यांची... तिचं सोताचं?

तरीही एक गोष्ट तिच्या ओठांवर आली होती आणि तिनं ती गिळली होती.

पाकिटं फोडली तेव्हा त्यातले सैनिक हातात धड आलेच नव्हते! पहिलं पाकीट कापलं आणि वरचं अंग एकीकडे, पाय दुसरीकडे. दुसरं कापलं, तेही तसंच. रणबहाद्दराच्या कमरेत आत एक छोटं काळं रबर असतं, तेच त्याला सांधून धरतं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांनी ती सगळी रबरं पाकिटातल्या पाकिटात कुजवून टाकली होती. मनकर्णाला हे रबर चांगलं ठाऊक होतं. तिनं आचलच्या वेणीची काळी रबरं गोळा केली, पाठीवरचा बारका स्क्रू सोडून एकेक सैनिक सांधला, आणि उभा केला.

हे भावाला सांगितलं असतं तर ती सुटली असती. पण मग त्याला कळलं असतं की ज्याला तो जीव की प्राण समजून कपाटात जपत होता, ते कधीचंच आतून मेलं होतं... त्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा, असं तिनं ठरवलं. राग उतरतो. आरती तिच्यासोबत बसली होती, तिलाही तिनं शपथ घालून गप्प केलं.

दुसरा दिवस जेवणाचा. पहाटेपासून पुरण शिजत होतं, सोळा भाज्या, आंबील, कढी. घरात माणसं मावत नव्हती. शेजारच्या दुर्गाकाकू पुरणपोळ्या लाटायला आल्या होत्या, आणि दरवर्षीप्रमाणे त्यांची गाडी मनकर्णावर आली.

“अशी सुगरण पोरगी अन् घरीच बसली,” त्या नव्या सुनांना सांगत होत्या. “काहून? तर अकोल्याचं एवढं चांगलं स्थळ आलं, पोरगा तलाठी, अन् ही बाई पाहुण्यांपुढं गेली केस मोकळे सोडून! अवदसेवानी. त्यायनं पानीबी नाई पेलं आमच्या हातचं.”

सुना हसल्या. मनकर्णाही हसली. इतक्या वर्षांत तिला या हसण्याची सवय झाली होती. गोपालनंही ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. आत्ताही तो पलीकडे पाट मांडत होता, त्यानं ऐकलं, आणि मान वर केली नाही. तो कालपासून तिच्याशी बोलला नव्हता. तिनं वाढलेलं ताट त्यानं तसंच सरकवून ठेवलं होतं.

भाजी चिरता चिरता मनकर्णानं मनाशी ठरवून टाकलं. हिवरखेडला मावसबहीण वच्छला एकटी राहते, कधीची बोलवून राहिली. उद्या महालक्ष्म्या उठल्या की त्यांच्यासोबत आपणही निघायचं. त्या तीन दिवसांच्या माहेरवाशिणी, आपण पन्नास वर्षांची... कोणाचंच माहेर इतकं लांबू नये. तिनं दोन लुगडी आणि आईचा फोटो पिशवीत भरून पिशवी दाराआड ठेवली. आरतीनं ती पाहिली आणि तिचे डोळे भरून आले, पण शपथेनं तिचं तोंड बांधलं होतं.

संध्याकाळी नासिर आला, बायको परवीनला घेऊन. अकोल्यात त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. दरवर्षी महालक्ष्मीच्या जेवणाला तो यायचाच, पण आज त्याचं तोंड उतरलेलं होतं. जेवण झाल्यावर तो आरासीपुढे आला, बूड टेकवलं, आणि एकेक सैनिक निरखून पाहू लागला.

“मले माहीत हाय, तू काय म्हनशीन,” गोपाल म्हणाला. “पाकिटं गेली. प्रदर्शन गेलं.”

“पाकिटाचं सोड यार,” नासिर म्हणाला. “हे उभे कसे हायेत?”

गोपालला कळेना. मग नासिरनं सांगितलं. हॉल ठरवून गोपाल परतला त्या रात्री त्यानं स्वतःची पाकिटं मांडणीसाठी बाहेर काढली, तर आत खुळखुळ वाजलं. सगळे कमरेतून तुटलेले. रबराचा नुसता भुगा. नागपूरवाल्याला फोन लावला, त्याचंही तेच. तिवसावाल्याचंही तेच. आपण सगळे मेलेली फौज सांभाळत होतो, असं म्हणून तो कडूसं हसला.

“पूरे वऱ्हाडात हेच उभे हायेत, गोपालभाऊ. कोनी केलं?”

गोपालची नजर आचलवर गेली. दोन वेण्या, आणि दोन्हीला शिवणाच्या दोऱ्याची गाठ.

“आरती...” तो म्हणाला.

आरतीला आता राहवेना. “शपथ घातली होती मले ताईनं. पाकिटातच मोडले होते थे सारे. रबरं टाकू टाकू त्यायनं उभे केले. तुमाले सांगू नको म्हने, त्याचं मन मोडन. मले बोलला तर बोलू दे.”

गोपाल उठला. आत गेला आणि रुमालात बांधलेली एक पुडी घेऊन आला. त्यात होता त्याचा पहिला बहाद्दर, लहानपणीचा. एक हात तुटलेला, म्हणून मनकर्णानं तो देवापुढे मांडला नव्हता. खंडित वस्तू मांडत नाहीत. ह्याच्याशी तो आयुष्यभर खेळला होता, हा कधी मोडला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

“याच्यात कोनतं रबर हाय, पाहू,” नासिर म्हणाला.

गोपालनं तो हातात धरून थोडासाच वळवला, आणि कट् असा बारीक आवाज झाला. बहाद्दर त्याच्या तळहातावर दोन तुकडे होऊन पडला. मधून निघालं एक जुनं, जाड, तुटलेलं रबर, कंपनीचं नव्हे, बायकांच्या वेणीचं... आणि त्याला गुंडाळलेला एक लांबसडक काळाभोर केस!

गोपाल त्या केसाकडे पाहत राहिला. आणि त्याला सगळं आठवलं. घरात पेढ्यांचा वास. दारात पाहुण्यांच्या चपला. तो मोठमोठ्यानं रडतोय, माझा बहाद्दर मेला म्हणतोय, बापानं पट्टा काढलाय... आणि ताई, नवी साडी नेसलेली ताई, त्याला कुशीत ओढून मागच्या दाराआड घेऊन गेली, पाठीमागे हात नेऊन काहीतरी ओढलं, आणि घडीभरात बहाद्दर जिवंत झाला! तो हसला होता. ताई तशीच धावत पाहुण्यांपुढे गेली होती...

“काकू,” तो कोपऱ्यात विडे लावत बसलेल्या दुर्गाबाईंकडे वळला, “माया ताईनं केस मोकळे नव्हते सोडले. तिच्याजवळ एकच रबर होतं. थे तिनं मले देलं.”

दुर्गाबाईंच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

“ताई, सांगतलं काहून नाई वं कधी?”

मनकर्णा काय सांगणार? सांगितलं असतं तर त्या रात्री बापाचा पट्टा पोराच्या पाठीवर उतरला असता. नंतर सांगितलं असतं तर पोराला आयुष्यभर ते ओझं झालं असतं. तिचं लक्ष होतं भावाच्या हातातल्या दोन तुकड्यांकडे. चाळिशीचा गोपाल तिच्यापुढे हुंदके देत होता, अगदी तसाच, तेव्हासारखाच... आणि तिचा हात आपसूक मागे गेला. तिनं आपल्या पिकलेल्या, बारीक झालेल्या वेणीचं रबर ओढून काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“रडू नको,” ती म्हणाली. “आन इकडं, भरून देतो.”

पाहुण्यांनी भरलेल्या घरात, महालक्ष्म्यांपुढे, तिचे पांढरे केस मोकळे होऊन पाठीवर पसरले. मग दुर्गाबाईच गुडघ्यावर हात टेकत उठल्या, मनकर्णाच्या मागे येऊन बसल्या, आणि तिची वेणी घालू लागल्या. “मेली जीभ मायी,” एवढंच त्या पुटपुटल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून त्या केसांवर पडलं.

गोपालनं मनकर्णाच्या पायांवर डोकं ठेवलं. “कालचं बोलनं विसर, ताई. हे फौज तुयी हाय. अकोल्याले तुया नावानं मांडीन. बिनापाकिटाची.”

“मायी हाय तं मंग धूळ कोन पुसन?” ती म्हणाली.

“मी.”

“मंग चालते.”

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या, महालक्ष्म्या जागच्या हलवल्या. आरतीनं मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. आचल बाळांपुढची फौज उचलत होती, आणि उचलता उचलता प्रत्येकाचा हात वळवून पाहत होती.

दाराआडची पिशवी गोपालनं स्वतः उघडली. लुगडी कपाटात गेली, पाकिटं असायची त्याच कप्प्यात. आईचा फोटो भिंतीवर परत लागला. आणि फोटोखालच्या फळीवर त्यानं तो जुना, एका हाताचा बहाद्दर उभा केला. त्याच्या कमरेत आता नवं रबर होतं, आणि त्या रबराला एक पांढरा केस गुंडाळलेला होता.