माशी बसत नाही

सोमाटण्यात चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवतोय मी. जाळी लावा, पंखा लावा, धूप घाला, माशी यायची ती येतेच. आमच्या धंद्यात तिच्याइतकं इमानी कोणी नाही.

बकरीदला मात्र दुकानातलं जनावर नको, पाळून वाढवलेलं हवं, असा आमच्या घरचा रिवाज. नवलाख उंबरे गावचे नथूआबा दरवर्षी माझ्यासाठी एक बोकड वाढवतात. गेल्या वर्षीचा तर बघत राहावं असा होता. त्यांच्या गावातल्या केमिकल कंपनीच्या मागच्या ओढ्याकाठी चारलेला. तिथलं गवत भर उन्हाळ्यातही हिरवंगार असतं.

"रज्जाक, वर्सभर येक गोचीड लागली न्हाई याला," आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. मीही खूश झालो.

ईदच्या सकाळी कुर्बानी झाली. पहिली कलेजी शिजते, तोवर घरात कोणी तोंडात काही घालत नाही. कलेजी परातीत काढून अंगणात ठेवली आणि सुरी धुवून आलो, तर परातीवर एकही माशी नाही. पलीकडे शेजाऱ्यांच्या बोकडाच्या चामड्यावर मात्र माश्यांचा काळा थर. मांजर आलं, परात हुंगली आणि पाठ फिरवून निघून गेलं. कावळे भिंतीवर नुसते बसून होते. चाळीस वर्षांत मी असलं पाहिलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो असेन? वा, काय स्वच्छ माल आहे! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

पहिला घास सूनबाईला, फलकला दिला. तिला पाचवा महिना होता. अंगात रक्त भरेल म्हणून सगळी कलेजी तिलाच वाढायला लावली. मीच.

पावसाळ्यात घरभर डास झाले. माझ्या, माझ्या पोराच्या, तौसिफच्या, सगळ्यांच्या अंगावर गांधी उठल्या. फलकच्या अंगावर एकही नाही. मेहरुन, माझी बायको, सुनेला चिडवायची, पोरीचं रक्त कडू दिसतंय. फलक हसायची. मला मात्र ती परात आठवायची.

शेवटी मीच हट्ट धरून तिला तळेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात धातूचं विष निघालं. डॉक्टर म्हणाले, हे पाण्यातून गवतात जातं, गवतातून जनावरात आणि तिथून माणसात. प्रत्येक पायरीला वाढतं, सहजी बाहेर पडत नाही. बाळाकडे जाईल का, विचारलं. आईकडचं बाळाला जातंच, म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"पण चाचा, एका कलेजीनं एवढं होत नाही. अजून काय खाता तुम्ही?"

सगळं गाव खातं तेच, म्हणालो. माश्यांचंही विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

उंबऱ्याला जाऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ओढ्याकडे हात केला.

"मासं गेलं चार वर्सामागं," ते म्हणाले. "मंग बगळं गेलं. आता मोहळंबी न्हाईत. गवत तेवढं लय येतंय, बाबा."

दिवाळीच्या सुमारास नात झाली. शहिस्ता. पावणेतीन किलो, धडधाकट. बघेल तो म्हणे, नजर लागेल हो हिला. ती दूध ओकली की मी दुपटं कोपऱ्यात ठेवून बघायचो. मुंगी यायची नाही. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, घाबरू नका. अंगावरचं दूध तोडू का, असं फलकनं विचारलं, तर म्हणाले, पाजत राहा.

परवा अंगणात फणस कापला. माश्या नुसत्या घोंगावत होत्या. गऱ्यांवर, मेहरुनच्या हातांवर, माझ्या मनगटावर. शहिस्ता आता रांगते.

मी तिच्या तळहातावर रस चोळला.

थांबलो. या अल्ला, एक तरी माशी पाठव, म्हणत राहिलो. पोर टाळ्या वाजवत होती.

एकही आली नाही.

मग ती रांगत आली, माझ्या मांडीवर चढली. माझ्या मनगटावरच्या माश्या उठल्या.

मेहरुननं तिला उचलून आत नेलं. आता मघासारख्या परत येतील, म्हणून मी रसानं माखलेला हात तसाच पुढे धरला.

शेजारी गऱ्यांवर माश्यांचा काळा थर होता. माझा हात वाळून चिकट झाला, तरी तो कोराच होता.