धूर कमी झाला तरी

"मॅडम, धुआँ नाप रही हो या मुझे?"

मी हातातलं कार्ड खाली केलं. धौला कुआँच्या सिग्नलला भुरभुर पाऊस पडत होता, दिल्लीचा जानेवारीतला, हाडांत शिरणारा... आणि एका पांढऱ्या बसच्या दारात लोंबकळत एक मुलगा माझ्याकडे बघून खुशाल हसत होता. माझं काम साधं होतं. जाणाऱ्या बसचा धूर कार्डावरच्या राखाडी छटांशी ताडून बघायचा आणि लिहून ठेवायचा. गाड्यांचा धूर कमी व्हावा म्हणून झगडणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी पुण्याहून येऊन नुकती लागले होते. पगार बेताचा, खोकला मात्र भरपूर.

बसच्या कपाळावर 'जय मल्हार' रंगवलेलं होतं. मग काय, मी मराठीतच सुनावलं, "धूरच मोजतेय. तुमच्यात मोजण्यासारखं काही दिसत नाही."

तो एवढ्या मोठ्यांदा हसला की खिडक्यांतून माणसं डोकावली. "बाबा, मराठी मुलगी! आणि भांडते पण बिल्कुल मराठीत!"

तो सुयश. स्टिअरिंगवर त्याचे वडील, खंडेराव. फौजेतून निवृत्त झाल्यावर, एक्क्याण्णव साली, त्यांनी ही बस घेतली होती. द्वारकेतल्या नव्या सोसायट्यांमधून ऑफिसला जाणाऱ्यांना सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाच्या वाढदिवसाला समोसे. मीही द्वारकेलाच मावशीकडे राहत होते. पुढच्या सोमवारपासून मी त्याच बसने जायला लागले... सोयीची होती म्हणून. मावशीला तरी मी असंच सांगितलं.

सुयश पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला. पण दिल्लीच्या पाण्यात त्याची मराठी पार विरघळून गेली होती.

"आज किती काळा?" मी उतरले की तो विचारायचा.

"बराच."

"मग मी आज काय करू?"

"मला काय विचारतोस? इंजिनाला विचार."

त्याने खरंच इंजिनाला विचारलं. पुढच्या रविवारी नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला, मग डिझेलचा पंप उघडून बसला. सोमवारी बाही कोपरापर्यंत काळी आणि चेहरा परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखा. मी बसमागे उभी राहून कार्ड धरलं. छटा खरंच एक पायरी उतरली होती!

"लोक मुलींसाठी फुलं आणतात," मी म्हटलं.

"फुलं दोन दिवसांत सुकतात, यार." मग हळूच — "हे तुझ्यासाठीच केलंय, कळलं ना?"

कळलं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, तेवढ्या थंडीत.

वर्षभर असंच चाललं. बसमधल्या वर्माजींनी दाराजवळची आपली खिडकीची जागा मला दिली, न विचारता. सुयश दारात उभा राहायचा, त्याच्या कोटाची बाही माझ्या खांद्याला लागायची, आणि मी मुद्दाम बाहेर बघायची. त्या मार्गावर इतका कमी धूर सोडणारी दुसरी डिझेल बस नव्हती. हे मी प्रेमाने म्हणत नाही, मोजून म्हणते.

आणि तरीही तिचं काही खरं नव्हतं. ते मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. "सुयश, कोर्टाचा हुकूम धुरावर नाही, वयावर आहे. आठ वर्षांपेक्षा जुनी डिझेल बस पुढच्या वर्षी मार्चनंतर दिल्लीत चालणार नाही."

"वय कागदावर असतं. साहेब लोक एकदा मागे उभे राहून बघतील ना — अपनी गाडी को कौन रोकेगा?"

असं कोणी बघत नसतं, हे मला माहीत होतं. पण वेड्यासारखी मीही आशा धरून बसले. शेवटी आमच्या संचालकांना विचारलंच. ते म्हणाले, "एका बसला सूट दिली की हजार रांगेत उभ्या राहतील, मृणाल." त्यांचं बरोबर होतं. मावशी हिवाळाभर उशाशी दम्याचा पंप ठेवून झोपते, तिची छाती मी रोज ऐकते. मला तो हुकूम हवाच होता; आमच्या संस्थेनेच तर तो मागितला होता. आणि मला सुयशही हवा होता.

हुकुमात चालणारी, सीएनजी गॅसची नवी बस घेणं खंडेरावांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी ठरवलं, बस कराडला न्यायची. तिथे हा नियम नव्हता.

"तिकडच्या पोरांना छाती नसते का?" मी चिडून सुयशला म्हटलं.

"असते," तो म्हणाला. "माझी काकू पण तिथंच राहते. पण बाबांना दुसरं येतं काय, मृणाल?"

मग म्हणाला, "मी राहतो इथे. गॅसवाल्या बसच्या कंपनीत नोकरी मिळतेय. बाबा तयार झाले तर लग्न करू. त्यांना दुखवून... नाही जमणार मला."

मार्चच्या शेवटच्या संध्याकाळी प्रवाशांनी बसला झेंडूचा हार घातला. समोसे झाले, वर्माजींचं रडणं झालं. एकेक जण उतरला. द्वारकेच्या शेवटच्या थांब्यावर आम्ही तिघंच उरलो. लांबवर अर्धवट बांधलेल्या इमारतींमागे सूर्य मावळत होता.

"बाबा," सुयश म्हणाला, "मला मृणालशी लग्न करायचंय."

खंडेरावांनी इंजिन बंद केलं.

"पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही लोकांनी केलं ते चांगलंच केलं. पोरंबाळं सुखानं श्वास घेतील. मला कळतं ते. आणि तू गुणाची आहेस, सुयशला तुझ्यासारखी मिळायची नाही." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "पण तू घरात चहाचा कप पुढं केलास ना, की मला ही गाडीच दिसणार. रोज. मी तुला काही बोलणार नाही... पण मनात येईलच. तेवढ्या मोठ्या मनाचा माणूस नाही गं मी. मला माफ कर."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला कधी अडचण नव्हती.

मी सुयशकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून... वाट पाहिली. मग त्याने वडिलांच्या थरथरणाऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. मला उत्तर मिळालं. त्याचा रागही येईना, हे सगळ्यात वाईट.

वर्षभर आम्ही एकमेकांना खूप चिडवलं, पण सरळ शब्दांत ते कधी सांगितलंच नव्हतं. आता त्याचा उपयोग नव्हता. तरी पायरीवर थांबून मी म्हटलं, खंडेरावांच्या देखत, मोठ्याने, "सुयश, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"माझं पण," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते. "खूप."

आणि मी उतरले.