काचेवर सरळ उभा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. फेब्रुवारीतला मंगळवार. भर दुपारचे सव्वाबारा.

मावशी इमारतींचे फोटो काढते. त्या दिवशी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ती धुसफुसतच शिरली. दुकानदाराला सगळे भिंगवाले म्हणतात.

"लेन्स वर सरकणारा दाखवा. आणि मला एकटीला उचलता आला पाहिजे."

हाच कॅमेरा तिने काकांकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, सहा वर्षं मागितला होता; फोटोंचं काम दोघांचं. लेन्स वर सरकवली की जमिनीवरूनच अख्खी इमारत सरळ येते, कॅमेरा वाकडा करावा लागत नाही. पण काका हेकट. "सरळ फोटो हवा ना? मग आपण वर चढायचं," म्हणत समोरच्या इमारतीच्या बांबूच्या परांचीवर चढायचे.

वर्षापूर्वी पाचव्या मजल्यावरून पडले आणि गेले.

मावशी रडली नाही. संतापली. तो संताप अजून उतरला नव्हता.

भिंगवाल्यांनी तीन कॅमेरे मांडले. पहिला धोंड्यासारखा जड. दुसऱ्याची लेन्स जागची हलेना. तिसरा लाकडी, घडी करून पिशवीत मावणारा. मावशीने तो दारात स्टँडवर लावला, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि मागच्या काचेत पाहिलं.

या काचेत सगळं उलटं दिसतं. समोरचं पाच मजली ऑफिस उलटं. गाड्या उलट्या. झाडं उलटी.

आणि...

एक माणूस सरळ.

काका!

तिने कापड फेकलं. समोर कोणी नाही. पुन्हा कापडात शिरली. रस्त्यावरचे हॉर्न एकदम थांबले...

काका तिथेच होते.

"आता आलात होय?" मावशी कडाडली. "सहा वर्षं घसा फोडला मी! तेव्हा कान कुठे होते तुमचे?"

"ताई, कोणाशी बोलताय?" भिंगवाले चाचरले.

"नवऱ्याशी. हाच कॅमेरा द्या."

आणि रागारागाने तिने फोटो घेतला.

संध्याकाळी फिल्म धुतली तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. इमारत अगदी सरळ आली होती. काकाही आले होते. पण काचेवर जो सरळ दिसतो, तो खरा उलटा असतो... तीस वर्षं हेच काम करणारी मावशी रागाच्या भरात तेवढं विसरली होती.

फोटोत काकांचं डोकं खाली होतं. पाय पाचव्या मजल्याच्या खिडकीशी.

ते उभे नव्हते. पडत होते.

पुढचा फोटो वाचनालयाचा. काका चौथ्या मजल्याशी.

मग एका हॉटेलचा. तिसरा मजला.

दर वेळी मावशी कापडात ओरडायची, "अहो, धरा ना कशाला तरी!"

पाचव्या फोटोत ते पहिल्या मजल्याशी आले. त्यानंतर तिने कॅमेरा कपाटात टाकला.

"विकून टाक ना," मी म्हणालो.

"आणि घेणाऱ्याने फोटो काढला तर?" ती माझ्यावरच खेकसली. "जिवंतपणी एक ऐकलं नाही या माणसाने. आता मी फोटोच काढत नाही. बघते कसे पडतात!"

कॅमेऱ्याची घडी मी स्वतः घातली होती. कुलूपही मीच लावलं. किल्ली माझ्याकडेच असते.

काल कपाट उघडलं...

कॅमेरा उलगडलेला होता. लेन्स वर नव्हती. पार खाली सरकली होती, जमीन दिसेल इतकी.

मावशीला मी अजून सांगितलेलं नाही.