चार नंबरच्या खाटेवरच्या मुंग्या

"मेट्रनबाई, मी चुकीचं काही टोचलं नव्हतं हो." फोनवरचा आवाज रडून रडून कोरडा पडला होता. "आता माझी नोकरी जाणार."

मेट्रनबाई त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या, पण ही नर्स त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

सहा वर्षांपूर्वी दोन वर्षांची चिमी अत्यवस्थ होऊन बालविभागात आली. जगली. आता ती आठ वर्षांची होती, पण काल पाठ केलेलं आज पाटीवरून पुसल्यासारखं जायचं. याच नर्सने तेव्हा पहाटे काहीतरी टोचलं, दुपारी आकडी आली, तेव्हापासून हे असं, अशी आईने आता रुग्णालयाकडे तक्रार केली होती.

"निवृत्त झालात तरी ड्यूटी सुटत नाही," म्हणत रुग्णालयाच्या कारकुनाने जुन्या वह्या काढून दिल्या.

चिमीच्या तक्त्यावर रक्तातली साखर लिहिलेली होती. दिवसा बोटातून एकशेदहा, एकशेअठरा. पहाटे नर्सने टाचेतून घेतली, एकतीस, जिवावर बेतेल इतकी कमी. तिने लगेच ग्लुकोज टोचलं, सलाइनमधूनही सुरू केलं. सकाळी आठला डॉक्टरांनी बोटातून तपासली, एकशेबारा. नर्सचं मोजमाप चुकलं असा शेरा मारून त्यांनी ग्लुकोज बंद केलं.

सफाईच्या वहीत दोन दिवस एकच नोंद होती: 'खाट चार. मुंग्या. चादर बदलली.'

खाट चार चिमीची. तिला तर तोंडाने पाण्याचा थेंबही बंद होता.

मेट्रनबाई चिमीच्या घरी गेल्या.

"तिच्याजवळ कोण असायचं?"

"मीच. सकाळी सात ते रात्री आठ."

"काही भरवलंत?"

"छे! सिस्टर डोळ्यांत तेल घालून बसायच्या."

"ओठ सुकले असतील पोरीचे."

आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग सपाट आवाजात म्हणाली, "साखरेच्या पाण्यात तिचंच बोट बुडवून ओठांना लावायचे. तिचं बोट, तिचं तोंड. मी कुठे काय दिलं?"

"कुठल्या हाताचं?"

"उजव्या. डाव्याला सलाइन होतं."

"रक्तही उजव्याच हाताच्या बोटातून घेत होते. स्पिरिटने पुसलं तरी साखर चिकटून राहते. मशीनने तीच मोजली. टाच पांघरुणात होती, स्वच्छ. एकतीस हाच खरा आकडा. ग्लुकोज बंद झालं, साखर पुन्हा उतरली, आणि इतक्या कमी साखरेने आकडी येते, मेंदूलाही इजा होते. आम्ही बोट साबणाने धुतलं नाही, ती चूक आमची. मुंग्यांना कळलं, आम्हाला नाही."

"म्हणजे मीच..."

"त्यामुळेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. आजारही मोठा होता. पण त्या दिवशी बरोबर एकटी ती नर्सच होती."

"आई, सात पाचे किती?" चिमीने आतून तिसऱ्यांदा विचारलं.

"पस्तीस," आई म्हणाली. तक्रार मागे घ्यायला तिने कागद समोर ओढला. लिहिण्याआधी बोटं पुसली. मग पुन्हा पुसली.